परदेशात लहान मुलांसोबत दिवाळी कशी करायची: किल्ल्यापासून भाऊबीजेपर्यंत

आमची थोरली तीन वर्षांची होती, ती इंग्लंडमधली आमची पहिली दिवाळी. मी फराळाचे सहा पदार्थ केले. ती झोपली की कढई चढायची आणि मध्यरात्रीपर्यंत तळण चालायचं. लक्ष्मीपूजनाला ताट भरलं, फोटो निघाले, भारतात पाठवले. महिन्याभराने तिला सहज विचारलं, "दिवाळीत काय काय केलं गं आपण?" ती म्हणाली, "मी दिव्यात तेल घातलं." बाकी काही नाही. एका पणतीत, लहान चमच्याने, माझा हात धरून घातलेलं तेल तेवढं तिच्या लक्षात होतं.

त्या उत्तरानंतर आम्ही दिवाळीची मांडणीच बदलली. भारतात मुलाला दिवाळी आपोआप मिळते. शाळेला सुट्टी असते, शेजारच्या घरातून भाजणीचा वास येतो, रस्त्यावर कंदिलांच्या माळा लागलेल्या असतात. इथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की नेहमीचा मंगळवार असतो. सण जो काही असेल तो चार भिंतींत, आणि तोही मुलाच्या हातून घडला तरच त्याचा होतो. म्हणून आमच्या घरात एकच नियम आहे: दिवाळीच्या प्रत्येक दिवशी मुलांसाठी एक ठरलेलं काम, आणि दरवर्षी तेच काम. दोन ते सात वर्षांच्या मुलांना नवेपणापेक्षा "मागच्या वेळसारखं"चं अप्रूप जास्त असतं.

पुढे जे लिहिलं आहे ते या नियमाला धरून, दीड महिना आधीपासूनच्या क्रमाने. यातलं सगळं करायला जाऊ नका. किल्ला, एक फराळाचा पदार्थ, पहाटेची आंघोळ आणि दिवे, एवढ्या चार गोष्टी मनापासून झाल्या तरी घरात दिवाळी येते.

आधी तारखा भिंतीवर लावा

२०२६ साली लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज बुधवारी, ११ नोव्हेंबरला. अधिक ज्येष्ठ महिना आल्यामुळे सण उशिरा आला आहे. २०२७ साली लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, शुक्रवारी येतं. तिथी जगभर एकाच क्षणी सुरू होते, पण सूर्योदय आणि सूर्यास्त गावागणिक वेगळे, त्यामुळे काही वर्षी अमेरिकेतली तारीख भारतापेक्षा एक दिवस आधीची निघते. पंचांग बघताना आपल्या शहराचं बघा, मुंबई-पुण्याचं नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे यंदा दिवाळीच्या आठवड्यात लंडन भारतापेक्षा साडेपाच तास मागे असेल आणि न्यूयॉर्क साडेदहा तास. आजीला सांगून ठेवलेली फोनची वेळ नेमकी तेव्हाच चुकते. सिडनी मात्र त्या काळात भारताच्या साडेपाच तास पुढे असते.

सण शनिवार-रविवारवर ढकलायचा का, हा दरवर्षीचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: माणसं बोलावणं आणि जेवणावळ शनिवारी करा, पण अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन ज्या दिवशी आहे त्याच दिवशी करा, मग ते वीस मिनिटांचं का असेना. शाळा-ऑफिस असलेल्या साध्या दिवशी पहाटे घरात दिवे लागलेले असतात, हे वेगळेपण मुलाला नेमकं कळतं.

सुट्टीची चौकशीही आत्ताच करा. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे. इंग्लंडमध्ये धार्मिक सणाच्या दिवसासाठी शाळा रजा मंजूर करू शकते, फक्त आधी लेखी कळवावं लागतं. नोकरीच्या ठिकाणची रजा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच टाकलेली बरी.

किल्ला: याला सगळ्यात जास्त वेळ द्या

मुलांची दिवाळी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर किल्लाच येतो. परदेशात तो करणं अवघड वाटतं, कारण अंगण नसतं, तांबडी माती नसते आणि बाहेर गारठा असतो. पण जेवणाच्या टेबलाशेजारीही किल्ला उत्तम होतो.

खाली एक मोठा प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, कडा किमान दोन-तीन बोटं उंच असलेला. चिखलाचे बूट ठेवायला किंवा गाडीच्या डिकीत घालायला मिळतात तसले ट्रे चालतात. त्यावर डोंगराचा सांगाडा उभा करायचा: एकात एक घातलेली पुठ्ठ्याची खोकी, उलटे ठेवलेले दह्याचे डबे, चुरगळून चिकटपट्टीने बांधलेले कागदाचे बोळे. भुयार हवं असेल तर स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी आत्ताच आडवी घालून ठेवा, नंतर जमत नाही. मुलांना भुयार हवंच असतं, आणि एका बाजूने टाकलेला मावळा दुसऱ्या बाजूने बाहेर आला पाहिजे.

आपल्याकडे यावर गोणपाट टाकून चिखल लिंपतात. इथे जुनी सुती चादर किंवा टॉवेल घ्या. अडचण येते ती मातीची. दुकानात पिशवीतून मिळणारी कुंडीची माती भुसभुशीत असते, ती नुसती पाण्यात कालवली तर धरत नाही, वाळली की सरळ खाली येते. बागेतली किंवा ओळखीच्याकडची चिकट माती निम्मी मिसळा. ती नसेल तर भांडी करायची, हवेत वाळणारी माती मिळते, तिचा एखादा किलो पाण्यात सैल करून घ्या. हे मिश्रण इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. चादरीचे तुकडे त्यात बुडवायचे, पिळायचे नाहीत, तसेच सांगाड्यावर पसरायचे आणि बोटांनी सुरकुत्या पाडायच्या. त्या सुरकुत्याच वाळल्यावर कडे-कपाऱ्या होतात. दोन वर्षांच्या मुलालाही हे काम येतं. माझा धाकटा कोपरापर्यंत हात बुडवून तासभर गप्प बसला होता, एरवी तो पाच मिनिटं एका जागी टिकत नाही.

कुंडीच्या मातीची पिशवी मोठ्यांनी मोकळ्या हवेत, तोंड दुसरीकडे करून उघडावी, माती थोडी ओली करूनच मुलांच्या हातात द्यावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. त्या धुळीतून फुप्फुसाचा एक जंतुसंसर्ग होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात तर पिशवीवरच तसा इशारा छापलेला असतो.

आता हिरवळ. मोहरी पेरता येते, पण सगळ्यात सोपे अळीव. इंग्लंडमध्ये लहान मुलांना उगवायला म्हणून क्रेस नावाचं बी जागोजागी विकतात, ते आपले अळीवच. ओल्या मातीवर बी दाट भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारायचा. घरातल्या उबेत दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि आठवड्याभरात डोंगर हिरवा होतो. म्हणून पेरणी वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी करा. फवारणी हे मुलाचं रोजचं काम. सकाळी उठल्या उठल्या मूल किल्ल्याकडे धावतं, "आई, उगवलं!" असं ओरडतं, तेव्हा दिवाळीला अजून पाच दिवस असतात.

मावळे भारतातून आणायचे तर मोज्यांत घालून, कपड्यांच्या मध्ये ठेवा. नाही मिळाले तर मिठाच्या कणकेचे करा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी, बेताबेताने घालून घट्ट मळायचं. बाहुल्या करून ओव्हनमध्ये अगदी कमी आचेवर दोन-तीन तास वाळवा आणि रंगवा. ही कणीक खायची नाही हे मुलांना बजावून सांगा, त्यात मीठ भयंकर असतं, घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मावळे त्याच्या मुठीपेक्षा मोठेच करा, म्हणजे घशात अडकायची भीती नाही. महाराज सिंहासनावर सगळ्यात वर, तोफा बुरुजावर, खाली विहीर आणि बाजार. विहिरीला बाटलीचं झाकण पुरतं.

आणि किल्ल्याला खरं नाव द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी यातला एक निवडला तर बारा वर्षांची सोय होते. आम्ही एका साली सिंधुदुर्ग केला, ट्रेमध्ये निळं कापड अंथरून त्याचा समुद्र केला. समुद्रात किल्ला बांधायला दगड कसे नेले, हा प्रश्न थोरलीने तेव्हा विचारला. त्याचं उत्तर शोधताना बापलेकीचे दोन रविवार गेले.

कंदील

बांबूच्या कामट्या मिळत नाहीत म्हणून अडू नका. चार वर्षांपुढच्या मुलाला जमणारा कंदील असा: जाड रंगीत कागद मधोमध दुमडा, दुमडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्या, वरची कड दोन बोटं सोडा, मग उलगडून गोल चिकटवा. आत पतंगी कागदाची नळी, खाली झिरमिळ्या. कापणं तुमचं, झिरमिळ्या चिकटवणं मुलाचं. आत बॅटरीवरची छोटी दिव्यांची माळ सोडा, गरम होणारा बल्ब किंवा मेणबत्ती नको. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे चालत नसतील तर रंग न उखडता निघणारे चिकट हुक मिळतात, ते खिडकीच्या चौकटीला लावा. कंदील रस्त्याच्या बाजूच्याच खिडकीत टांगा. शाळेतून परतताना कोपऱ्यावरून आपलं घर ओळखू येतं, आणि तो रोजचा आनंद महिनाभर पुरतो.

फराळ: दोनच पदार्थ, आणि त्यातला एक मुलांचा

सहा पदार्थ करायचा हट्ट मी सोडला. एक पदार्थ मुलांच्या हातचा आणि एक घरातल्या मोठ्यांच्या आवडीचा, बाकीचं विकत किंवा मैत्रिणींशी वाटणी करून. चार घरांनी एकेक पदार्थ चौपट केला की प्रत्येकाकडे चार पदार्थ येतात.

मुलांसाठी शंकरपाळ्यांसारखं दुसरं काही नाही. अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर आणि अर्धी वाटी तूप एकत्र गरम करा, साखर विरघळली की उतरवा, उकळू देऊ नका. कोमट झालं की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा, साधारण अडीच ते तीन वाट्या, घालून घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पोळी जरा जाडच लाटायची. कातण नसेल तर पिझ्झा कापायचं चाक मुलाच्या हातात द्या. आधी आडव्या रेघा, मग तिरक्या. पहिल्या खेपेला चौकोन, त्रिकोण, लांबट पट्ट्या असं काहीही निघेल. ते नीट करायला जाऊ नका, तळल्यावर मूल आपली शंकरपाळी बरोबर ओळखतं आणि आधी तीच खातं. एवढ्या गरम दुधा-तुपाशी मात्र मुलाला येऊ देऊ नका, त्याचं काम कापण्यापासून सुरू होतं.

तळण मुलं झोपल्यावर किंवा दुसऱ्या खोलीत कोणाजवळ तरी असताना. मंद आचेवरच तळा, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्ची राहतात. तळताना खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, कारण धुराची घंटा वाजली की मुलं दचकून उठतात. घंटेचा सेल काढून ठेवणं किंवा तिला पिशवी बांधणं हा उपाय नव्हे. दिवे लावायच्या आठवड्यात तर ती चालूच हवी.

बेसनाचे लाडू करणार असाल तर इथलं बारीक दळलेलं बेसन टाळूला चिकटतं. दोन वाट्या बेसनाला दोन-तीन चमचे बारीक रवा मिसळा, मंद आचेवर पाऊण वाटी तुपात अर्धा तास तरी भाजा, रंग बदलून खमंग वास सुटला पाहिजे. उतरवल्यावर दुधाचा हबका मारला की दाणेदार होतं. पूर्ण गार झाल्यावर दीड वाटी पिठीसाखर. वळायला मुलांना बसवा. त्यांच्या मुठीत मावेल तेवढाच लाडू होतो, आणि खायलाही तोच आकार बरा. वर लावायचा अख्खा काजू-बेदाणा पाच वर्षांखालच्या मुलांच्या लाडवाला लावू नका, अख्खा सुकामेवा घशात अडकतो.

भारतातून फराळ मागवणाऱ्यांसाठी: युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून येताना दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी विसराच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते, लपवली तर जबर दंड होतो. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना हे निघण्याआधी नीट समजावून सांगा. लेकरांसाठी रात्र रात्र जागून केलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागला की त्यांच्या मनाला फार लागतं.

शाळेत बोलायचं असेल तर

वर्गशिक्षकांना तीन आठवडे आधी लिहा. दहा-पंधरा मिनिटं मागा, जास्त नको. खाऊ न्यायचा झाला तर आधी विचारा. कित्येक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेव्याला पूर्ण बंदी असते, घरी केलेलं काहीच चालत नाही असंही असतं. मी खाऊ नेतच नाही. रंगवलेले तांदूळ नेते आणि प्रत्येक मुलाला कागदी थाळीवर रांगोळी काढायला लावते. ज्योतीऐवजी बॅटरीची पणती.

गोष्ट कोणती सांगायची, हे घरी ठरवून जा. शाळेतल्या पुस्तकांत बहुतेक वेळा राम-सीता अयोध्येला परतल्याची गोष्ट असते, आणि आपल्या मुलाने घरी ऐकलेली असते ती नरकासुराची, बळीराजाची, नाहीतर यम-यमुनेची. आमच्या थोरलीला वर्गात वाटलं की आपलीच दिवाळी चुकीची आहे, आणि ती त्या दिवशी घरी येऊन रडली. तेव्हापासून आम्ही दोन्ही सांगतो: एकाच सणाच्या पुष्कळ गोष्टी आहेत, प्रत्येक दिवसाची वेगळी. बाईंनाही तसं सांगते, त्यांनी ते फार आवडीने मुलांसमोर मांडलं.

पहाटेची आंघोळ

उत्तरेकडच्या देशांत राहणाऱ्यांना इथे एक वरदान आहे. आमच्या भागात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातच्या पुढे उजाडतं. म्हणजे मुलांना सहाला उठवलं तरी बाहेर काळोख असतो आणि सूर्योदयाआधीचं अभ्यंगस्नान शाळेच्या वेळेत आरामात बसतं.

आदल्या रात्री तयारी करून ठेवा: वाटीत तेल, उटणं, नवे कपडे, ओवाळणीचं ताट. खोली आधीच गरम करा, थंडीने कुडकुडणारं मूल पुढच्या वर्षी उठायला तयार होत नाही. मोठा दिवा लावू नका. न्हाणीघरात उंच फळीवर एक समई किंवा बॅटरीच्या पणत्या, बस्स. मुलाला पाटावर बसवा. पाट नसेल तर छोटं स्टूल. कोमट तिळाचं किंवा खोबरेल तेल आधी टाळूवर, मग पाठीवर, मग तळपायांना. बोलायचं नाही फारसं. तळपायाला तेल लावताना धाकटा गुदगुल्यांनी पाय ओढतो आणि लगेच पुन्हा पुढे करतो.

उटणं घरीही करता येतं, मसूरडाळीचं पीठ, थोडं चंदन आणि किंचित हळद, दुधात कालवून. हळद जास्त झाली तर भाड्याच्या घरातला पांढरा टब पिवळा होतो आणि तो डाग सहज जात नाही. विकतचं सुगंधी उटणं असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून बघा. इसब असलेल्या किंवा वर्षाच्या आतल्या बाळाला उटणं नकोच, तेल लावून कोमट पाण्याने आंघोळ पुरे. तेलामुळे टब अतिशय निसरडा होतो, खाली रबरी चटई घाला आणि मुलाचा हात सोडू नका.

कारीट इथे मिळत नाही. ते काकडीच्याच कुळातलं, म्हणून आम्ही बोटाएवढी काकडी घेतो आणि दाराशी डाव्या अंगठ्याखाली चिरडतो, "गोविंदा, गोविंदा" म्हणत. खाली वर्तमानपत्र घाला. मुलांना वर्षभर हीच गोष्ट आठवते. "काकडी फोडायची दिवाळी कधी?" असं धाकट्याने एकदा मे महिन्यात विचारलं होतं.

मग ओवाळणं, फराळाचं पहिलं ताट, आणि शाळा. त्या दिवशी शाळेत जाताना मुलांच्या केसांना तेलाचा वास येतो. कोणी काही म्हणेल का, अशी काळजी मलाही वाटायची. आता मी थोरलीला आधीच एक वाक्य शिकवून ठेवते: आज आमचा सण आहे, आम्ही पहाटे तेल लावून आंघोळ करतो. तिने ते ठामपणे सांगितलं की विषय संपतो.

लक्ष्मीपूजन आणि दिवे

आमच्याकडे त्या सुमारास सव्वाचारला सूर्य मावळतो, त्यामुळे लहान मुलं जागी आणि ताजीतवानी असताना पूजा होते. ऑस्ट्रेलियात नेमकं उलट. तिथे तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो, सिडनीत साडेसातच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि मुलांची झोपायची वेळ झालेली असते. अशा घरांनी मुलांना दुपारी झोपवावं, किंवा जाड पडदे ओढून एका खोलीत अंधार करावा आणि मुलांचे दिवे तिथे लावावेत. अंधार नसेल तर पणतीचं मोल मुलाला समजत नाही.

मुलांची कामं: नवी केरसुणी किंवा झाडू आणून त्याला हळदकुंकू वाहणं, लाह्या-बत्ताशांची वाटी मांडणं (लाह्या नसतील तर कुरमुरे), आणि पणतीत तेल घालणं. पेटवणं मोठ्यांचं. पणत्या स्टीलच्या परातीत, खाली तांदूळ किंवा वाळू पसरून, मुलाच्या कमरेच्या वर आणि पडद्यांपासून लांब ठेवा. रांगत्या बाळाच्या घरी जमिनीवर फक्त बॅटरीचे दिवे. घरभाड्याच्या करारात उघड्या ज्योतीला मनाई असेल तर तीही पाळा. कापूर मुलांच्या हाताला लागेल असा कधीही ठेवू नका. तो साखरेच्या खड्यासारखा दिसतो आणि लहान मुलाने थोडासा गिळला तरी झटके येऊ शकतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करा.

आरती एकच म्हणा, पण मुलाला येणारी. दोन आठवडे रोज झोपताना म्हटली की ती येते.

फटाके

कायदा देशोदेशी वेगळा. सिंगापूरमध्ये १९७२ पासून फटाक्यांवर बंदी आहे. जर्मनीत घरगुती फटाके वर्षअखेरीलाच उडवता येतात. इंग्लंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर मनाई असते, पण दिवाळीच्या रात्री एकपर्यंत मुभा आहे. फुलबाजी निरुपद्रवी वाटते, तिचं टोक मात्र हजार अंशांच्या आसपास तापतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात ती देऊ नका. मोठ्या मुलाला लोकरी हातमोजे घालून, हात लांब धरून, एका वेळी एक, आणि विझलेली तार लगेच पाण्याच्या बादलीत. बाळ कडेवर असताना आपण स्वतःही फुलबाजी धरू नये.

पाडवा, भाऊबीज आणि पडद्यावरची आजी

व्हिडिओ कॉलवर "आजीशी बोल" असं सांगितलं की तीन वर्षांचं मूल पळून जातं. त्याला आजीबरोबर काहीतरी करायला द्या. आजी तिकडे लाडू वळते, मूल इकडे वळतं. आजोबा किल्ल्याची पाहणी करतात आणि मूल फोन हातात धरून भुयार दाखवतं. दहा मिनिटं पुरतात. लंडनची सकाळची साडेसात म्हणजे भारतात दुपारचा एक, ही वेळ दोन्हीकडे सोयीची. न्यूयॉर्कहून सकाळी सातला लावलात तर तिकडे संध्याकाळचे साडेपाच असतात, दिवेलागणीच्या थोडं आधी.

भाऊबीजेला सख्खं भावंड नसेल तर मामे-चुलत भावंडांना पडद्यावर ओवाळता येतं, पण मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. जवळपासच्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून मुलं एकत्र बसवायची आणि सगळ्यांनी सगळ्यांना ओवाळायचं. पाच वर्षांपूर्वी असं बसवलेली मुलं आता एकमेकांना खरोखर भाऊ-बहीण मानतात. ओवाळणी म्हणून एखादं मराठी पुस्तक द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात, छापील पुस्तक हाताशी नसेल तर त्यातली एक गोष्ट वाचून दाखवा.

मंडळांच्या कार्यक्रमाला जरूर न्या. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून, आणि मोठ्या शहरांतून बहुतेक ठिकाणी आपलं मंडळ सापडतं. आपल्यासारखंच बोलणारी, आपल्यासारखेच कपडे घातलेली शंभर माणसं एकत्र बघणं ही मुलासाठी मोठी गोष्ट आहे. मात्र तीन वर्षांच्या मुलाला चार तासांचा कार्यक्रम झेपत नाही. सुरुवातीचा तास-दीड तास बसा, जेवा आणि निघा.

आवरताना

किल्ला भाऊबीजेनंतर लगेच मोडू नका, तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्या. अळीव तोवर लांब होऊन आडवे पडतात. मोडायचं कामही मुलांनाच द्या: मावळे आधी सुखरूप खाली उतरवायचे, ब्रशने झाडायचे, एकेक करून मोज्यांत घालायचे. कंदील, पणत्या, समई, मावळे सगळं एका खोक्यात, आणि वर एक चिठ्ठी, पुढच्या वर्षासाठी. आमच्या खोक्यातल्या मागच्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात "उटणं संपलं, कंदिलाला लांब माळ हवी" असं आहे, आणि त्याखाली थोरलीच्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत: "दोन मावळे हरवले. एक सोफ्याखाली आहे."